बघण्याची नोकरी

"रडायचं कसं, भंतेजी?"

नागपूरबाहेरच्या टेकडीवर एक लहानसा विहार आहे. तिथं सतरंजीवर प्रणाली गजभिये बसली होती. समोर म्हातारे भंतेजी.

"हे विचारावं लागतं?"

"मला लागतंय. धाकटा भाऊ गेला, महिना होत आला. डोळ्यांतून टिपूस नाही."

"काम काय करतेस?"

प्रणालीची मान जरा ताठ झाली. दुःखातसुद्धा माणसाला कामाचा अभिमान सोडवत नाही.

"लोक मोबाइलवर नाही नाही ते व्हिडिओ टाकतात. मारहाण, अपघात, लहान मुलांचे हाल. कुणी तक्रार केली की ते माझ्याकडे येतात. मी बघते आणि काढून टाकते. आमच्या मजल्यावर माझ्याइतका वेग कुणाला नाही. नवीन पोरांना मीच शिकवते."

"काय शिकवतेस?"

"बघायचं, पण आत घ्यायचं नाही. आधी रंग काढायचे, म्हणजे रक्त करडं दिसतं. चेहरे पुसट करायचे. ठरवायचं, काढायचं, पुढचा उघडायचा."

"अवघड विद्या आहे," भंतेजी म्हणाले. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

ती खाली बघत राहिली...

"त्या दिवशी पुलावरचा अपघात आला. ट्रक, मोटारसायकल. पोरगा रस्त्यावर पडलेला आणि भोवती शूटिंग करणारी माणसं. मी काढला. पुढचा उघडला."

"मग?"

"घरी गेले तर अंगणात गर्दी. एक बाई आईला सांगत होती, तुमच्या पोराचा व्हिडिओ फिरत होता, पण कुणीतरी लगेच काढला बघा. त्याचं भलं होवो."

भंतेजी सतरंजीवर थोडे पुढे सरकले.

"मी त्याला ओळखलं नाही, भंतेजी. लहानपणी कडेवर घेऊन फिरवलं होतं त्याला. आणि ओळखलं नाही."

सांत्वनाला शब्द असतात, पण ते सगळे इथं खोटे पडले असते.

"नाव काय त्याचं?"

"प्रज्योत."

"कसा होता?"

"वय तेवीस. हेल्मेट नव्हतं. डोक्याला डाव्या बाजूनं..."

ती थांबली. आपलंच बोलणं ऐकून तिला शरम वाटली.

"फोटो आहे?"

"व्हिडिओ आहे. निघताना त्यानंच पाठवलेला. कामावर आमचे मोबाइल लॉकरमध्ये असतात. तो गेल्यावर मग मला हा व्हिडिओ दिसला."

"काय म्हणतो त्यात?"

तिनं मोबाइल काढला, पण पडदा खाली करून धरला.

"पोरी?"

"माहीत नाही. मी आवाज बंद करून बघितला. आम्ही तसंच बघतो."

भंतेजींनी सतरंजीवर बोट टेकवलं. "इथं ठेव. लाव."

तिनं मोबाइल दोघांच्या मध्ये ठेवला. आवाज वाढवला.

"ताई, फोन काऊन नाही उचलत तू? मी सावजीकडून मटण आणाले चाललो. तुयासाठी रस्सा जास्त घेतो. अन् आईले सांगू नको, ते रागावते. आयक ना, आणखी एक गोष्ट..."

प्रणालीच्या घशातून कसलासा आवाज निघाला. अंगठा सवयीनं पडद्याकडे गेला.

भंतेजींनी तळहात वर केला.

"थांब. त्याचं बोलून झालेलं नाही."