खुर्ची, खाट आणि बेसचा डबा

एका गावात एक हेडमास्तर होते, आणि त्या हेडमास्तरांची एक खुर्ची होती. विश्वंभर गुरव त्यांचं नाव. माणूस सज्जन, पण ताठ इतका की देवळातही नमस्कार उभ्यानंच करायचा. बैठकीच्या खोलीत बरोबर मधोमध त्यांची खुर्ची असे. तिच्यावर दुसरं कुणी बसलेलं त्यांना खपत नसे.

त्याच खोलीत खिडकीशी त्यांच्या वडिलांची, आप्पांची, खाट होती. आप्पांनी चाळीस वर्षं देवळाच्या नगारखान्यात नगारा वाजवला होता. आता ऐंशी ओलांडल्यावर कान गेले. बोललेलं कळेना, भांडं पडलं तरी कळेना. जड, घुमणारा आवाज तेवढा अजून पोचे. रस्त्यानं ट्रक गेला की म्हातारा मान वर करायचा. डॉक्टर म्हणाले, "हेही फार दिवस राहणार नाही." आप्पांच्या नगाऱ्याची एक जुनी कॅसेट घरात होती. कान पुरते जायच्या आत आप्पांना त्यांचा नगारा एकदा तरी ऐकवायचा, असं सरांनी मनाशी धरलं.

त्यांनी शहरातून होम थिएटर आणलं. सोबत सबवूफर, म्हणजे घुमणारा आवाज काढणारा बेसचा भला मोठा डबा. गावात रज्जाकभाई होते. जत्रेत कर्णे लावता लावता त्यांचे केस पांढरे झालेले. ते आपण होऊन आले. "विशू, बसवून देऊ का रे?"

सर म्हणाले, "रज्जाकभाई, हे जत्रेतले कर्णे नव्हेत. माहितीपुस्तिका वाचलीय मी." रज्जाकभाई चहासुद्धा न घेता परत गेले.

सरांनी डबा टीव्हीशेजारी ठेवला, कारण तिथं तो शोभून दिसत होता! कॅसेट मोबाईलवर उतरवून घेतली होती, ती लावली आणि खुर्चीत बसले. नगारा असा घुमला की सरांच्या छातीत धडधडलं. त्यांनी मोठ्या आशेनं वळून बघितलं. आप्पा आपले खिडकीबाहेर बघत होते.

सरांनी आवाज वाढवला. शोकेसमधल्या त्यांच्या सत्काराच्या ढाली थरथरल्या. शेजारची म्हैस दाव्याला हिसके देऊ लागली. "अहो, काय कोसळलं?" करत माणसं धावत आली. आप्पांना मात्र काही नाही. आठवडाभर हाच खेळ चालला. शेवटी मुलाची ती धडपड बघून आप्पाच म्हणाले, "राहू दे रे विशू. गेले कान, असं म्हणायचं." ते ऐकून सरांना राहवेना. त्यांनी चपला घातल्या आणि रज्जाकभाईंचं दार गाठलं. "माझं चुकलं. या ना घरी," एवढंच ते म्हणाले.

रज्जाकभाई लगेच आले. डब्याकडे त्यांनी बघितलंही नाही. "ऐकायचं कुणी आहे?"

"आप्पांनी."

"मग तू आपल्या खुर्चीत बसून काय ऐकत बसलास? अरे, खोलीत हा आवाज एका जागी साचतो आणि दोन पावलांवर नाहीसा होतो. आप्पांची खाट नेमकी कोरड्या जागी आलीय."

खाट हलवायची सोय नव्हती, कारण खिडकीचा गज धरूनच आप्पा उठत. खुर्चीत त्यांना कंबर बसू देत नसे. रज्जाकभाई म्हणाले, "आप्पांना जरा उभं कर. डबा खाटेवर ठेव, नगारा लाव, आणि तू खोलीभर रांगत फीर. जिथं सगळ्यात भारी ऐकू येईल, तीच डब्याची जागा. तिथं ठेवलास की खाटेवर तेवढंच भारी पोचेल."

"रांगू? मी?" दारात चारजण उभे होते, त्यात दोघे त्यांच्याच हातचा मार खाल्लेले. "उभ्यानं नाही का चालणार?"

"डबा खाली असणार. कान वर ठेवून काय कळणार?"

सरांनी खुर्चीकडे बघितलं. मग गज धरून, पाय कापत उभ्या असलेल्या आप्पांकडे बघितलं. आणि पॅण्टची इस्त्री विसरून ते गुडघ्यांवर आले. टीव्हीशेजारी काहीच नव्हतं. दाराशी थोडंसं होतं. शोकेसच्या कोपऱ्यात मात्र असा गहिरा आवाज आला की त्यांचे डोळेच मिटले. "इथं! इथं आहे!" सर ओरडले. दारातल्या चौघांनी शोकेस ढालींसकट उचलून पडवीत नेली.

डबा कोपऱ्यात गेला, आप्पा खाटेवर टेकले. आवाज आधीपेक्षा कमीच ठेवला होता. नगारा सुरू झाला आणि आप्पांची मान वर झाली. हात खाटेच्या काठावर गेला. बोटं ठेका धरू लागली. मध्येच थांबून ते म्हणाले, "इथं हात चुकला होता माझा. रज्जाक, तूच टेप करत होतास ना रे त्या दिवशी?" रज्जाकभाईंनी हसून मान डोलावली.

मग आप्पा जमिनीवर बसलेल्या लेकाकडे बघून हसले. "विशू, वर्षाचा होतास तू. नगारा वाजला की असाच रांगत यायचास माझ्याकडं. आज पुन्हा आलास. देवानं फार दिलं बाबा मला."

सरांनी आप्पांच्या पायांवर डोकं ठेवलं. रज्जाकभाईंचे दोन्ही हात धरून ते म्हणाले, "तुमचे उपकार कसे फेडू?"

"त्या दिवशीचा चहा राहिलाय, तेवढा पाज."

चहा आला. सरांनी रज्जाकभाईंना आपल्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः खाली बसले, आप्पांच्या खाटेला टेकून. आप्पांचे कान त्यानंतर सहा महिने टिकले. ते सहा महिने घरात रोज सकाळी नगारा वाजला.

तात्पर्य: ज्याला सुख द्यायचं, त्याच्या जागेवर काय पोचतं ते आधी बघावं. त्यासाठी आपली खुर्ची सोडून गुडघ्यांवर यावं लागलं तरी लाजू नये, आणि ज्यानं ते शिकवलं त्याचे उपकार कधी विसरू नयेत.