कोशाचं दार

एका राज्यात सुबत्ता अशी नांदत होती, की नदीच्या घाटाला रुप्याच्या पायऱ्या होत्या. तिथल्या विणकरांचं रेशीम सात समुद्रांपार जाई. तिथल्या सुतारांची गलबतं वादळाला जुमानत नसत. पण राजकोशातलं सोनं वेचून प्रजेसाठी जे बांधावं, त्याची तिसऱ्या दिवशी वाळू होई. राजवाडा टिके, बंदर टिके; पाठशाळा अन् रुग्णशाळा टिकत नसत.

त्या नगरात राही नावाची सुईण होती. सूतिकागृहाची वाळू झाली आणि तिच्या हातांतली एक बाळंतीण भर उन्हात, उघड्यावर दगावली. राही तशीच दरबारात शिरली.

मणिकेतू राजा कळवळला. "बाई, हवं तेवढं सोनं न्या."

"सोन्याचीच तर वाळू होते, महाराज!"

तेव्हा सिंहासनामागचा वृद्ध धनेश पक्षी बोलला, "महाराज, हा धूम्रगिरीच्या भृंगनाथ मांत्रिकाचा शाप. साथीच्या वर्षी तुमच्या पणजोबांनी रंजल्यागांजल्यांच्या तोंडावर कोशाचं दार लावलं होतं."

राही धूम्रगिरी चढली. मांत्रिक म्हणाला, "वाघिणीचं दूध आण, नागतळ्याचं पाणी आण. त्यांत चुना कालव. सूतिकागृहाच्या उंबऱ्याला कोशाचं दार घाल. त्यावर भिंत उभी राहील, तर शाप सुटेल."

रानात वाघीण गुरगुरत पडली होती. पण ते गुरगुरणं तिच्या ओळखीचं होतं. वाघीण अडली होती. राहीने बाह्या सावरल्या, आडवं आलेलं पिल्लू हलकेच वळवलं, सोडवलं. वाघिणीने तिला दूध काढू दिलं.

तळ्यावर नागाने फणा काढला. "तुमच्या राज्यात सर्वांत मोलाचं काय? खोटं बोलशील तर डसेन."

राहीला रुप्याचा घाट आठवला, राजवाडा आठवला. ती म्हणाली, "माणसांचे हात. खडकाळ माळावर त्यांनी मळे फुलवले, खवळत्या समुद्रात धक्का बांधला. सोनं मागाहून आलं."

नाग वाटेतून सरला.

उरलं दार. राहीने दरबारात ते मागितलं, तसा सेनापती उसळून म्हणाला, "महाराज, कोश उघडा पडेल!"

राजाने कोशाच्या दारावर हात ठेवला. पिढ्यान्‌पिढ्या साठवलेलं आत होतं. मग तो म्हणाला, "इतकी वर्षं दार बंद होतं. त्याने कुणाला राखलं?"

त्याने बिजागऱ्या स्वतः उचकटल्या. सोन्याने मढवलेलं ते दार पाठीवर घेऊन तो रस्त्याने निघाला. चौकात तो गुडघ्यावर आला, तसे विणकर माग सोडून धावले, बंदरावरून सुतार आले, खलाशी आले. राहीला वाटलं, एवढं बळ या नगरात होतं! केवढं देखणं दिसतंय!

दार उंबऱ्याला बसलं, त्यावर सूतिकागृहाच्या भिंती चढल्या. तिसऱ्या दिवशी सगळं नगर श्वास रोखून उभं राहिलं. सूर्य डोक्यावर आला, कलला. वाळूचा एक कण गळला नाही. शाप सुटला होता. पुढे त्याच चुन्याने पाठशाळा उभ्या राहिल्या, रुग्णशाळा उभ्या राहिल्या, आणि कोशाला पुन्हा दार बसलं नाही.

पण त्या दिवशी लोक जयजयकार करत होते, राजा उंबऱ्यावर हात जोडून उभा होता, तोच गर्दीतून एक पालखी धावत आली. आत एक कोष्टीण कळांनी तळमळत होती.

राहीने पदर खोचला.

"महाराज, वाटेतून बाजूला व्हा."

आणि राजा झटकन बाजूला झाला.