खारबंदरच्या धाकूचं लग्न

खारबंदर नावाच्या गावात धाकू नावाचा एक भोळा गडी राहायचा. गाव समुद्राला टेकलेलं. रेल्वे, एसटी, लाँच, सगळं दाराशी. पांढरी वाळू, सुरूचं बन, ताजी मासळी. गावात खोट अशी नव्हतीच. फक्त धाकूचं लग्न जमत नव्हतं, आणि त्याच्या आयेला घरात सून हवी होती.

घाटावरून एका मुलीचा बाप आला. म्हणाला, "गाव अगदी टोकाला दिसतंय."

धाकू म्हणाला, "होय. पुढं पाणीच आहे."

बाप चहा न घेता गेला.

आये म्हणाली, "अरे बाबा, सांगावं ना, इथून कधीही निघता येतं. एसटी आहे, रेल्वे आहे, लाँच आहे."

"बरं," धाकू म्हणाला.

शेजारच्या यमुनाकाकूंकडे नवी सून आली. धाकू उंबऱ्याशी जाऊन तिला म्हणाला, "वयनी, इथून कधीही निघता येतं. एसटी तर आता उभीच आहे."

काकूंनी केरसुणी उचलली.

आये म्हणाली, "नव्या माणसाला असं सांगतात होय? म्हणावं, आता इथंच राहा, जायचं नाव काढू नका."

"बरं."

पांडूतात्या पाय मोडून दवाखान्यात पडले होते. धाकू खाटेशी बसला. म्हणाला, "तात्या, आता इथंच राहा. जायचं नाव काढू नका."

तात्यांची बायको रडायला लागली. तात्यांनी चांगल्या पायाने लाथ घातली.

आये म्हणाली, "रडणाऱ्या माणसाशी तू बोलूच नको. हाताला धरावं, घरी पोचवून यावं."

"बरं."

मग दुसरं स्थळ आलं. या खेपेला आयेने धाकूच्या तोंडात लाडू कोंबला आणि गाव स्वतःच फिरून दाखवलं. पाहुणे खूश झाले. मुलीच्या गावी लग्न लागलं, वरात रेल्वेने खारबंदरला उतरली.

नवरी माप ओलांडायला दारात उभी राहिली. आये ओवाळायचं ताट आणायला आत गेली. तेवढ्यात नवरीला माहेर आठवलं आणि हुंदका फुटला.

धाकू काही बोलला नाही. तिचा हात धरला आणि चालू लागला. वऱ्हाडाला वाटलं, जोडी देवाच्या पाया पडायला निघाली.

आयेच्या ताटातली वात विझली. पुन्हा लावली, पुन्हा विझली. दुसऱ्या दिवशी धाकू एकटाच आला.

"धाकू, सून कुठाय रे?"

"घरी पोचवली. एसटीत बसल्या बसल्या रडायची थांबली."

आये मटकन खाली बसली आणि रडू लागली.

धाकूने तिचा हात धरला. म्हणाला, "आये, तुझं माहेर एसटीनं जवळ, की लाँचनं?"