रायाजीराजांचा हुबेहूब पुतळा

"पुतळा हुबेहूब माझा हवा! आणि बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, राजा असावा तर असा!" रायाजीराजांनी हुकूम सोडला. "यातलं एक जरी चुकलं, तर करणारा कोठडीत!"

आता राजांचं नाक बसकं, पोट पुढे, आणि स्वभाव असा की आंघोळीचं पाणी गरम आलं तरी आरडाओरडा, गार आलं तरी आरडाओरडा. आपण तरी कुठे वेगळे? पण राजे ओरडले की शिपाई धावतात; मी ओरडले तर चुलीपुढचं मांजरसुद्धा उठत नाही.

पहिल्या मूर्तिकाराने नाक सरळ केलं, पोट आत घेतलं. "हा कोण? माझा मेहुणा?" कोठडी!

दुसऱ्याने सगळं जसंच्या तसं घडवलं. "हा राजा? हा तर जेवून लवंडायला निघालेला व्याही!" कोठडी!

तिसरा भिकाजी कुंभार. पोळ्याचे मातीचे बैल करावेत तर त्यानेच. पण तो माणसं करायला बसला तरी बैलच व्हायचे. "शिंगं तेवढी कशाला ठेवलीस बाकी?" कोठडी!

तेव्हा भिकाजीची म्हातारी, तान्हूबाई, दरबारात येऊन उभी राहिली.

"महाराज, पुतळा मी करते. जमला तर म्हाताऱ्याला सोडा."

"आणि नाही जमला तर?"

"तर मलाही आत टाका. घरी एकटीने भांडू कोणाशी?"

"तुला पुतळे येतात?"

"छे! मला मडकीसुद्धा धड येत नाहीत, निम्मी भट्टीतच तडकतात. तोंड तेवढं चालतं! तुमचा एक जुना अंगरखा न् पागोटं द्या, बस्स."

काही दिवसांनी तिने राजांना दरबारासकट ज्वारीच्या रानात नेलं. कणसं दाण्यांनी भरलेली, आणि मधोमध उभं बुजगावणं! अंगात राजांचा अंगरखा, कडबा कोंबून पुढे आणलेलं पोट, डोक्याच्या जागी तडकलेलं मडकं. मडक्यावर चुन्याने काढलेले कान आणि बसकं नाक, बोकडाच्या केसांच्या मिशा आणि वर पागोटं.

दिवाणजींना हसू फुटलं. त्यांनी घाईघाईने शिंकल्याचं सोंग केलं.

"हा मी?" राजे गरजले.

"तुम्हीच, महाराज! ऊन असो, पाऊस असो, जागा सोडत नाही. एवढं पीक राखतो, पण स्वतः एक दाणा खात नाही. याला भितात ती चोरटी पाखरं. ज्यांचं शेत आहे ती माणसं भीत नाहीत. पोरं याच्या मिशा ओढून हसतात, पण याने अजून एकालाही कोठडीत टाकलेलं नाही. याहून चांगला राजा कुठून आणू?"

"अगं, पण डोकं रिकामं आहे याचं!"

"हुबेहूब हवा, असा तुमचाच हुकूम होता!"

राजांचा हात तलवारीवर गेला.

"महाराज, घाई नको," तान्हूबाई म्हणाली. "याला पोरं हसतात, हा रागावत नाही. तुम्ही रागावलात तर पुतळा तुमच्यासारखा नाही, माझं चुकलं, मला खुशाल कोठडीत घाला. हसलात तर मात्र हुबेहूब!"

राजे तलवारीवरचा हात काढून बुजगावण्याकडे वळले. मग पुढे झाले, मडक्यावर टिचकी मारली. टक्! स्वतःचं पागोटं सरकवून कपाळावर मारली. टक्!

"अगं म्हातारे, आवाजसुद्धा जुळतो की!"

आणि राजे असे हसले, असे हसले, की बांधावरचा भोरड्यांचा थवा उडून गेला. दिवाणजींनाही आता शिंकायची गरज उरली नाही.

राजांनी लगेच शिपाई धाडून तिन्ही कारागिरांना कोठडीतून सोडवलं. राजांनी हातातलं सोन्याचं कडं काढून तान्हूबाईपुढे धरलं.

"आता हे कशाला, महाराज? म्हातारा मिळाला ना!" ती म्हणाली. तेवढ्यात भिकाजी तिथे आला, आल्या आल्या त्याने बुजगावण्याकडे पाहिलं आणि नाक मुरडलं, "कान वाकडा काढलास!"

तान्हूबाईने झटकन हात पुढे केला. "द्या महाराज, द्या ते कडं! याला परत घ्यायचं म्हणजे काहीतरी भरपाई हवीच!"