खुडूक कोंबडी आणि लाल तुरा

माणसांना कोंबड्यांचं बोलणं कळायचं, त्या काळची ही गोष्ट. भागाक्काची करडी कोंबडी खुडूक झाली. अंडी घालायची थांबून ती टोपलीतल्या अंड्यांवर जी बसली, ती उठेचना.

"रोजचं एक अंडं बुडालं की माझं!" भागाक्का कुरकुरली.

"नुसते नखरे आहेत," लाल तुऱ्याचा कोंबडा म्हणाला. "बुडवा तिला गार पाण्यात. माझी बांग चुकते का कधी? अंगात जिद्द लागते."

भागाक्काने कोंबडीला बादलीत बुडवलं. ती निथळत बाहेर आली, पिसं झाडली आणि परत टोपलीत जाऊन बसली.

"अंडं घाल, असा निरोप माझ्या रक्तातून यायचा," ती म्हणाली. "आता ऊब दे, असा आलाय. पिल्लं निघेपर्यंत मी उठणार नाही. आणि कोंबडेदादा, तुझा तुरा लाल करणारा, तुला बांग द्यायला लावणारा निरोपही तुझ्या रक्तातलाच आहे."

"छट्! ते माझं कर्तृत्व आहे!"

शेवटी भागाक्कानेच हात टेकले. पिल्लं निघाली, मोठी होऊ लागली. मग पिसं झडायचे दिवस आले. कोंबड्याचा तुरा फिका पडला, बांग घशातच विरली. तो लाकडांच्या ढिगामागे लपून बसला.

पिल्लांना घेऊन कोंबडी तिथे आली. कोंबडा अंग चोरून म्हणाला, "भागाक्काला सांगू नकोस."

"नाही सांगत," त्याच्या शेजारी माती उकरत कोंबडी म्हणाली. "पाणी फार गार असतं."