आधी खून कोणाचा ते सांगा

साताऱ्याच्या वसुधाबाई कारखानीसांनी गावच्या वर्तमानपत्रात लिहिलं, "टीव्हीवर वर्षानुवर्षं चाललेल्या त्या रहस्यमालिकेपायी वेळ दवडू नका." झालं! मालिकेचे निर्माते भार्गवराव सत्कारासाठी गावात आले, ते रागानं धुमसतच. भर सभेत त्यांनी बाईंना उभं केलं.

"आजवर एकालाही खुनी ओळखता आलेला नाही. तुम्ही ओळखा, नाहीतर इथंच माफी मागा!"

आवाज न चढवता बाई म्हणाल्या, "ओळखते की. फक्त खून कोणाचा झाला होता, तेवढं सांगा."

भार्गवरावांनी उत्तरासाठी शेजारी बसलेल्या मालिकेच्या लेखकाकडे पाहिलं.

लेखक चाचरत म्हणाला, "साहेब, तो खून माझ्या आधीच्या लेखकानं केला होता!"

सभेत असा हशा पिकला, की माफीचं नाव पुन्हा निघालंच नाही.