उशीखालचा ठिपका

"म्हणजे तुम्हाला ठाऊक आहे? मंजिरी कुठं आहे, ते तुम्हाला ठाऊक आहे, बाबा?"

करीमशाह फकिरानं मान हलवली. "आहे."

नाईकनवरे फौजदार बाबांसमोर चटईवर बसले. नोकरीत असताना त्यांनी कितीतरी फरारी हुडकून काढले होते. बायको गेल्यावर एकुलत्या लेकीला एकट्यानं वाढवलं. ती नोकरीसाठी नाशिकला निघाली, तेव्हा तिचा मोबाइल त्यांनी आपल्या मोबाइलला जोडून घेतला. नकाशावर निळा ठिपका दिसायचा. तो जरा वाट सोडून गेला, की लगेच फोन. "तिकडं काय काम होतं तुझं?"

गेल्या आठवड्यात ठिपका वसतिगृहातून हललाच नाही. फौजदार निर्धास्त होते. मग तिथल्या बाईंचा फोन आला. मोबाइल उशीखाली होता. पोरगी नव्हती.

"बरी आहे ना?"

"बरी आहे. जेवते, झोपते."

"कुणी फूस लावून..."

"आपल्या पायांनी गेली."

फौजदारांनी मोबाइलवरचा नकाशा बाबांपुढं धरला. "बोलू नका. नुसतं बोट ठेवा."

बाबांनी मोबाइल त्यांच्या हातातून घेतला, आणि चटईवर हलकेच पालथा ठेवला.

"ठिपका हलत नव्हता, तेव्हा फोन केला होतात? ताप आला असेल, म्हणून?"

"नाही... दिसत होती ना."

तकियाच्या, बाबांच्या त्या मठीच्या, भिंतीवरचं ऊन उतरत चाललं होतं.

"बाप आहे मी तिचा!" आवाज चौकीतला निघाला, पण मध्येच फाटला. "जिवाला घोर होता, म्हणून केलं सगळं. जग वाईट आहे, बाबा."

"आहे."

"परत येईल?"

"त्याबद्दल काही बोलली नाही."

फौजदारांनी पालथ्या मोबाइलकडं हात नेला, आणि मागं घेतला. मग अगदी हळू म्हणाले, "रोज विचारायचो तिला. कुठं आहेस, कुणाबरोबर आहेस, कधी परतणार... मला एका शब्दानं सांगितलं नाही. आणि तुमच्यापाशी येऊन सगळं बोलून गेली. तुमच्यापाशीच का?"

"मी विचारलं नव्हतं."